इकडली की तिकडली

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर वर्षातून एकदा तरी माझं डोकं फिरवतात. देशातले व्यावसायिक फुटबॉलपटू कोणत्या राज्यांतून जास्त येतात, अशी एखादी यादी त्यांना मोबाइलवर सापडते आणि ती ते स्टाफरूममध्ये हजेरी घेतल्यासारखी वाचून दाखवतात. मणिपूर, मिझोराम, केरळ, बंगाल, पंजाब, गोवा. क्रम थोडाफार बदलतो, नावं तीच राहतात. महाराष्ट्र मध्येच कुठंतरी येतो आणि तो आला की सर चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.

"आला बरं का मॅडम तुमचा नंबर. पण त्यातली मुंबई किती, कोल्हापूर किती अन् राजुरा किती, ते काई लिहून नाई इथी."

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळेत पीटी शिकवते. बावीस वर्षं झाली. मॅडमच्या गळ्यात शिट्टी आणि नाकावर राग, असं मुली माझ्यामागं म्हणतात आणि ते खरं आहे. सरांचं असं म्हणणं की जिथं लोक भात आणि मासे खातात तिथं फुटबॉल पिकतो. मणिपूर बघा, बंगाल बघा, केरळ बघा. मी एकदा त्यांना विचारलं, मग आमच्याच जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या लोकांनी काय घोडं मारलंय? ते दोन्ही वेळा भात खातात आणि तळ्यातला एक मासा सोडत नाहीत. सर म्हणाले, "ते लोक झोपतात जेवल्यावर." सगळे हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. यादीत येण्याआधी कुणीतरी मोजावं लागतं आणि मोजणारा आमच्याकडे फिरकतच नाही, हे माझं दुःख होतं. आमचं मैदान कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून आहे. मुलींचे पांढरे मोजे पहिल्याच दिवशी काळे होतात. मी मनात ठरवून टाकलं होतं की निवृत्त होण्याआधी माझी एक तरी मुलगी मोजली गेली पाहिजे. एकच. पण आमच्या राज्याच्या रकान्यात.

ती मुलगी मला तालुक्याच्या स्पर्धेत सापडली. राजुऱ्याहून वर डोंगरावर गेलं की तेलंगणाच्या सीमेला लागून काही गावं आहेत, तिथल्या एका संघातून ती आली होती. तेव्हा ती सातवीत होती. मधल्या फळीत खेळायची आणि दोन भाषांत ओरडायची. संघातल्या निम्म्या मुली मराठी शाळेतल्या होत्या, निम्म्या तेलुगू शाळेतल्या. एकीकडून बॉल हवा असला की ती "इकडं!" म्हणायची, दुसरीकडून हवा असला की "इटु!" अर्थ एकच. समोरच्या संघाला मात्र कळेना की ही नेमकी कुणाला बोलावून राहिली आहे. बॉल तिच्या पायाशी आला की तिथंच थांबायचा. हे कुठं शिकली म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमचं मैदान उताराचं हाये मॅडम. बॉल सुटला का थेट नाल्यात जाते. मंग ज्याचा सुटला त्यानंच आणाचा."

त्या गावांची गंमत अशी की दोन्ही राज्यं त्यांना आपलं मानतात. म्हणून गावात दोन शाळा आहेत, दोन अंगणवाड्या आहेत, घरोघरी दोन रेशनकार्डं आहेत. लोक दोन्ही निवडणुकांत मत देतात. महाराष्ट्राची ती इकडली, तेलंगणाची ती तिकडली. इकडली शाळा, तिकडली शाळा. इकडली नर्स, तिकडली नर्स. तिचा बाप कापूस आणि सोयाबीन करणारा सरळ माणूस. त्यानं मला पहिल्याच भेटीत गावाची रीत समजावून सांगितली होती.

"सरकारचं काई बी आलं का दोनदा भराचं, मॅडम. इकडलं नाई आलं तं तिकडलं येते. माह्या पोरीले पोलिओचे थेंब बी दोनदा पाजले आमी."

मी खूप हसले होते. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

आठवीला मी तिला आमच्या शाळेत आणलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली आणि खेळाडू म्हणून तिची नोंद केली. ही नोंद कॉम्प्युटरवर होते. खेळाडूचा फोटो, जन्मदाखला, राज्य आणि प्रशिक्षकाचा मोबाइल नंबर. एकदा नोंद झाली की ती कोणत्या स्पर्धेत खेळली, किती गोल केले, सगळं तिच्या नावापुढं चढत जातं. दोन वर्षं ते चढत गेलं. चंद्रपूरला जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही दुसरे आलो, त्यात तिचे चार गोल होते. मी कधीकधी नुसतं बघायला म्हणून ते पान उघडायची. तिच्या नावाखाली माझं नाव, त्याखाली राज्य: महाराष्ट्र. राज्याच्या मुलींच्या शिबिरासाठी मी तिचं नाव पाठवलं होतं आणि यादी येणार येणार म्हणत होते.

नववीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गावी गेली. तिकडच्या शाळेनं मुलींचं एक शिबिर घेतलं, तिथंही फुटबॉलची नोंद होती. बापानं भरली. का नाही भरणार? जन्मभर तेच करत आला होता. तिकडं आडनाव आधी लिहितात आणि स्पेलिंगही त्यांचं, त्यामुळे कॉम्प्युटरलाही दोघी वेगळ्या वाटल्या. त्या शिबिरात हैदराबादजवळच्या एका निवासी अकादमीची माणसं मुली बघायला आली होती. त्यांनी तिला निवडलं. राहणं, जेवण, शाळा, रोज दोन वेळा सराव. अट एकच, मुलगी त्यांच्या राज्यात नोंदलेली हवी.

जूनच्या शेवटी बाप आणि ती पेढे घेऊन माझ्या घरी आले. मी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही.

"तिकडलं आलं, मॅडम," बाप म्हणाला. चेहरा नुसता फुललेला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं मी घासली, पहाटे पाच वाजता वसतिगृहाच्या दारात उभी राहिले, आणि आठ दिवसांच्या शिबिरात बघून ते तिला घेऊन जाणार. मी इतकंच म्हटलं, "चांगलं आहे. बघू." ती माझ्याकडे बघत होती. तिला माझा चेहरा वाचता येत होता, कारण मैदानावर तो वाचायला मीच तिला शिकवलं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारी अकादमीच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. बाई चांगल्या होत्या, घाईत होत्या. तपासणीत फोटो जुळले आणि एकाच मुलीच्या दोन राज्यांत दोन नोंदी निघाल्या, त्यामुळे दोन्ही बंद पडल्या होत्या.

"आपका पहले का है मॅडम. आप निकालेंगे तभी हमारा चालू होगा. शुक्रवार पाँच बजे तक टाइम है. उसके बाद सीट अगली लड़की को जाती. आज डाल दीजिए, आराम से हो जाएगा."

मी म्हटलं, "देखती हूँ."

आज का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मंगळवारी मी ते पान उघडलंसुद्धा नाही. बुधवारी उघडलं, बघितलं आणि बंद केलं. मधेच राज्याच्या शिबिराचं काम बघणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, यादी अजून व्हायची आहे, या महिन्यात होईल, कदाचित पुढच्या. तिचं नाव आहे का? "असू शकतं, मॅडम. नक्की कसं सांगू?" या एका "असू शकतं"वर मी बुधवार काढला. गुरुवारी सकाळी सरांना सांगितलं. वाटलं होतं ते मला समजावतील. ते म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांत तुमची एक निघाली अन् ती बी त्यांच्या यादीत जाऊन राह्यली? कमाल आहे मॅडम. पुढच्या वर्षी मी यादी वाचीन तं तेलंगणाच्या नावावर टाळ्या वाजवा." ते गंमत करत होते, त्यांची सवयच ती. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मी गुरुवारही तसाच घालवला. संध्याकाळी अकादमीच्या बाईंचा परत फोन आला. मी उचलला नाही. रिंग संपेपर्यंत मी मोबाइलकडे बघत बसले.

स्वतःशी मी असं बोलत होते की मुलीच्या भल्याचंच आहे. आपल्या राज्याच्या संघातून खेळली तर पुढं कितीतरी दारं उघडतील. पण खरं मला ठाऊक होतं. अकादमीची जागा हातात होती आणि शिबिराची यादी हवेत. ही जागा गेली की दहावी होईल, वसतिगृह सुटेल, ती डोंगरावर परत जाईल आणि तिचा फुटबॉल नाल्यापर्यंतच राहील. हे सगळं मला कळत होतं आणि तरी माझा हात चालत नव्हता. असा माझा स्वभाव मला त्या तीन दिवसांत पहिल्यांदा नीट दिसला आणि मला तो आवडला नाही.

शुक्रवारी दुपारी अडीचला बाप आणि ती शाळेच्या फाटकात उभे. निंदणाचे दिवस होते. शेतातलं काम टाकून, दोन बस बदलून ते खाली आले होते. अकादमीच्या बाईंनी त्यांना फोन केला होता.

"काई अडचण हाये का, मॅडम?" बापानं विचारलं. "त्या मॅडम म्हणून राह्यल्या का तुमच्याकडूनच अडलं."

"शिबिराची यादी येऊन राह्यली भाऊ," मी म्हटलं. "आपल्या राज्याच्या. तिचं नाव असू शकते त्यात."

बापानं मान डोलावली. त्याला वाटलं मॅडम म्हणतात तर तसंच असेल. ती मात्र गप्प बसली नाही.

"मंगळवारपासून तुमच्याजवळ हाये ते, मॅडम. काऊन नाई केलं?"

"सांगितलं ना, यादी..."

"यादीत माहं नाव आलं तं मी खेळीन, का तुमी खेळसान?"

मी फटकन म्हटलं, "तोंड सांभाळून बोल." हात उगारला नाही, एवढंच. ती मागं सरली नाही. डोळ्यांत पाणी होतं आणि हनुवटी वर.

"मी माह्यासाठी विचारून राह्यली," ती म्हणाली. "तुमी मले माह्यासाठी थांबवून राह्यल्या का तुमच्यासाठी?"

बाप तिच्यावर ओरडला, "मॅडमशी असं बोलतेत का?" मला त्याचा राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. वर्गांवर तास चालू होते, कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. मी म्हटलं, "चला ऑफिसात."

ऑफिसातला कॉम्प्युटर कारकुनांचा. ते रजेवर होते आणि त्यांचा पासवर्ड फक्त भूगोलाच्या सरांना ठाऊक. सरांना तासावरून बोलावलं. त्यांनी पोरीचा चेहरा बघितला, माझा बघितला आणि खुर्ची ओढली. साडेतीन वाजले होते. नेट चालू-बंद होत होतं. पान उघडायला चार वाजले. बाप दाराच्या चौकटीला टेकून उभा, ती सरांच्या पाठीमागं, मी टेबलाच्या कडेला. नोंद रद्द करा, असं एक बटण होतं. सरांनी ते दाबलं. कारण विचारलं गेलं आणि खाली तीन ओळी आल्या. सरांनी त्या त्यांच्या नेहमीच्या वाचनाच्या आवाजात वाचल्या.

"एक, खेळाडूने खेळ सोडला. दोन, खेळाडू दुसऱ्या राज्यात गेली. तीन, नोंद चुकीने झाली."

"दोन," मी म्हटलं.

त्यांनी दोन दाबलं. लाल अक्षरांत ओळ आली. मंजुरीस कामकाजाचे दोन दिवस लागतील.

सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्यांना मंगळवारचं ठाऊक होतं. मला तर होतंच. मंगळवारी हेच बटण दाबलं असतं तर गुरुवारी मंजुरी आली असती. तिची दोन वर्षं, तिचे गोल, सगळं तिच्यासोबत त्या राज्यात गेलं असतं आणि मागं माझं नावही तिच्या पानावर राहिलं असतं. "आज डाल दीजिए" याचा अर्थ मला त्या लाल ओळीनं सांगितला.

"पहिलं दाबलं तं?" बापानं विचारलं.

"पहिलं दाबलं का मंग एक वर्ष कुठीच खेळता येत नाही भाऊ," सर म्हणाले. "खाली लिहून आहे." मग त्यांनी आवाज उतरवला. "तिसरं आहे, मॅडम. ते लगेच होते. पण वाचा तुम्ही."

मी वाचलं. नोंद चुकीने झाली असेल तर ती मुळातून काढून टाकली जाईल. त्या नोंदीवरचे सगळे सामने, गोल, बक्षिसं पुसली जातील. सोबत एक निवेदन जोडायचं, त्यावर खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांच्या सह्या. सरांनी निवेदन छापून काढलं. चार ओळींचं होतं. सदर खेळाडू या प्रशिक्षकाकडे व या राज्यातून कधीही खेळलेली नाही.

मी सही केली. मग कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं तो दोनदा वाचला.

"हे खोटं हाये," ती म्हणाली.

"सही कर."

"मी खेळली ना इथी. चंद्रपूरले खेळली. चार गोल मारले. मी खोटं काऊन लिहू?"

"चार वाजून पस्तीस मिनिटं झाली," सर म्हणाले.

बाप पुढं आला. "कर ना माय सही. कागदावरचंच तं हाये."

"नाई करत." तिनं पेन टेबलावर ठेवून दिला. "त्याईच्या पानावर मंग माहं काईच नाई राहात. मी काय उन्हाळ्यात शिकली का फुटबॉल?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी ते केलं नाही. जवळ घेतलं असतं तर तिनं सही केली नसती, आणि मग मीही तिला ती करायला लावली नसती. माझ्यातल्या एका कोपऱ्याला तेच हवं होतं. त्या कोपऱ्याची मला इतकी भीती वाटली की मी ओरडले. मैदानावर ओरडते तसं. "माझ्याकडं राहून नाल्यातून बॉल आणत बसणार आहेस का जन्मभर? तुले वाटते इथी तुह्यासाठी काही ठेवलं आहे? काही नाही ठेवलेलं! मी नाही, यादी नाही, काही नाही. पेन उचल!" शेजारच्या वर्गातले पाढे थांबले. माझा आवाज फाटला होता.

तिनं पेन उचलला. सही केली. कागद माझ्या दिशेनं असा सरकवला की तो टेबलावरून खाली पडला. तो सरांनी उचलला.

फोटो काढला, चढवला. चार एक्कावन्न. पान फिरत राहिलं. नेट गेलं. सरांनी स्वतःचा मोबाइल जोडला. पुन्हा चढवला. माझ्या मोबाइलवर ओटीपीचे सहा आकडे यायला हवे होते, ते येईनात. ऑफिसात रेंज धरत नाही म्हणून मी बाहेर पळाले, पायऱ्यांवर, मग मैदानात, हात वर करून. मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते. चार सत्तावन्नला आकडे आले. मी तिथूनच ओरडून एकेक आकडा सांगितला आणि सरांनी आतून एकेक परत म्हटला. मग आत शांत झालं. मी पायऱ्या चढून दारात आले तेव्हा सर खुर्चीत मागं टेकले होते.

"झालं," ते म्हणाले. "निघून गेली नोंद."

पडद्यावर माझ्या मुलींची यादी होती. तिचं नाव नव्हतं. चंद्रपूरच्या स्पर्धेवर बोट ठेवलं तर आमच्या संघात दहा मुली दिसत होत्या. अंतिम सामन्यापर्यंत गेलेला दहा मुलींचा संघ. अकादमीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आलं, चालू झालं, सोमवारी मुलीला पाठवा. मी बापाला सांगितलं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मग, जरा वेळानं, संकोचत विचारलं.

"मॅडम, इकडलं मागून पुन्हा भरून ठेवता येईन ना? असू द्या म्हटलं."

"नाही भाऊ," मी म्हटलं. "हे एकदाच भराचं असते."

त्याला हे नवीन होतं. त्यानं मान हलवली. साडेपाचची बस होती. ती फाटकापर्यंत बापाच्या पुढं पुढं चालत गेली. मी तिला हाक मारली नाही. काय म्हणणार होते? सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

राज्याच्या शिबिराची यादी पुढच्या महिन्यात आली. आमच्या जिल्ह्यातलं एकही नाव त्यात नव्हतं. तिचं असतं का, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती तिकडं रुळली, असं बापाकडून कळायचं. तिकडल्या राज्याच्या संघाच्या निवड चाचणीत ती पोहोचली, हेही त्यानंच सांगितलं. तिचा मला फोन आला नाही. मी केला नाही. राग असेल, असू दे, असं मी मनाला समजावत होते. रागात मुली चांगल्या धावतात.

डिसेंबरमधल्या एका सकाळी मी मैदानावर नवीन मुलींना रांगेत उभं करत होते, तेव्हा एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पुरुषाचा आवाज, शांत, सरकारी. तेलंगणाच्या निवड समितीकडून बोलत होते. कुणीतरी तक्रार केली होती की ही मुलगी आधी महाराष्ट्रातून खेळलेली आहे आणि नोंद लपवली आहे. खरं असेल तर ती संघातून जाईल आणि बंदीही येईल. त्यांनी मला एक फोटो पाठवला. चंद्रपूरच्या स्पर्धेनंतरचा, आमचा संघ, मागच्या रांगेत मी. ती माझ्या पुढं उभी होती आणि माझे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते.

"मॅडम, ये लड़की आपके पास खेली है?"

"नहीं," मी म्हटलं.

"तो फोटो में?"

"देखने आई थी. हमारी किसी लड़की की सहेली थी. फोटो के लिए खड़ी हो गई."

"नाम क्या है इसका?"

मुली रांगेत उभ्या होत्या, माझ्या शिट्टीची वाट बघत. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"मुझे याद नहीं. मैं इसको जानती नहीं."

पलीकडं कुणीतरी कागदावर लिहीत होतं, तो आवाज येत होता. मग ते गृहस्थ म्हणाले की ठीक आहे, मुलीनंही हेच सांगितलं आहे. मुलगी इथंच समोर बसली आहे, फोन स्पीकरवर आहे, तिनं सगळं ऐकलं आहे. आणि मला काही सुचायच्या आत ते तिला म्हणाले, "बेटा, मॅडम को थैंक यू बोलो."

मग तिचा आवाज आला. हिंदीत, पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसाशी बोलतात तसा.

"नमस्ते मॅडम. थैंक यू."

मीही नमस्ते म्हटलं.